मंडईतलं बक्षीस

भोंग्यावरून कुणाचंही नाव पुकारलं गेलं की माझी मान आपोआप खाली जाते. मागे आमच्या बचत गटाच्या कार्यक्रमात माझा सत्कार ठेवला होता. निवेदन करणाऱ्या बाईंनी माईकवरून माझं नाव घेतलं, आणि मी उठायचं सोडून पदर डोक्यावर ओढला नि पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसले. शेजारणीने ढोसलं तेव्हा कुठे उठले. घरी आल्यावर सून हसत म्हणाली, आई, तुम्ही तर नव्या नवरीसारख्या लाजल्या. मी हो म्हणून टाकलं. नव्या नवरीचं लाजणं कसं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि हे ते नव्हतं. हे माझ्या अंगात शिरलं आमच्या गावच्या एका मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, आणि त्या मंडईपर्यंत पोचायचं तर आधी भंडाऱ्याला मामाच्या घरी जावं लागतं.

मामा म्हणजे माझ्या मायचा पाठचा भाऊ. एकोडीच्या अलीकडे आमचं गाव, तिथे दहावीच्या पुढे शिकायची सोय नव्हती, म्हणून बाबांनी मला मामाकडे ठेवलं होतं. मामा मनाने राजा, पण एका जागी टिकणारा नव्हता. आधी त्याने सायकली भाड्याने दिल्या, मग रेडिओ दुरुस्त केले, मग उसाच्या रसाचं यंत्र आणलं. प्रत्येक धंदा नारळ फोडून सुरू व्हायचा आणि मामीच्या शिव्यांनी संपायचा. एके दिवशी नागपूरहून टेम्पोत घालून त्याने कपाटाएवढी एक पेटी आणली. तिच्या पोटात टीव्ही बसवलेला, खाली एक दांडा आणि दोन लाल बटणं. मामी पदराला हात पुसत बाहेर आली.

"हे काय आनलं? फ्रीज होय का?"

"व्हिडिओ गेम होय," मामा छाती काढून म्हणाला.

"थंड पानी भेटते का याच्यात?"

"नाही."

"मंग कायले आनलं?"

पण ही पेटी चालली. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत घर, समोरच्या खोलीत पेटी, आणि शाळा सुटली की दारात चपलांचा ढीग. त्या घरातले आवाज मला अजून आठवतात. शेजारच्या विणकरांच्या मागाची दिवसभर खटखट, मामीच्या कुकरची शिट्टी, आणि या सगळ्यावर त्या पेटीची टिंवटिंव, राक्षस मेला की एकदम घरंगळल्यासारखा होणारा आवाज. मामी लाखोळीच्या डाळीला फोडणी द्यायची आणि पोट्ट्यांच्या नावाने खडे फोडायची, दोन्ही एकाच हाताने. दुपारी जेवून मामा आडवा झाला की गल्ल्यावर मी बसे. त्या वेळी गिऱ्हाईक नसायचं. उन्हात गल्ली सुनी पडलेली असायची, आणि पेटी माझ्याकडे पाहत असायची.

खेळ असा होता. एक शूर शिपाई, हातात तलवार, डावीकडून उजवीकडे चालत जायचं. वाटेत सांगाडे, वटवाघळं, मोठाले राक्षस. त्यांना मारलं की त्यांच्यातून सोन्याची नाणी पडायची. ती गोळा करायची आणि मध्ये मध्ये एक दाढीवाला दुकानदार भेटे, त्याच्याकडून ढाल, जोडे, औषध असं विकत घ्यायचं. वरच्या कोपऱ्यात एक दिवा होता, त्यातलं तेल कमी कमी होत जायचं, आणि तेल संपायच्या आत पुढच्या मुक्कामाला पोचलं नाही तर शिपाई जागच्या जागी कोसळायचा. भंडाऱ्याची सगळी पोरं या दिव्याच्या धाकाने धावत सुटायची. ढाल घ्यायला नाणी नाहीत, आणि ढालीशिवाय तिसऱ्या मुक्कामावरचा तो शिंगवाला राक्षस काही आटपत नाही, त्यामुळे रुपया टाकला की चार मिनिटांत परत खिशात हात.

मला ते धावणं जमायचं नाही. मी रोवणा करणाऱ्या घरातली. आमच्याकडे पावसाळ्यात बांधीतल्या चिखलात वाकून बाया धानाचे परे, म्हणजे कोवळी रोपं, रोवतात ते मागे मागे सरकत. पुढे पाऊल टाकलं तर आपलंच रोवलेलं तुडवलं जातं, म्हणून हात पुढे नि पाय मागे. बारा वर्षांची असल्यापासून मी मायच्या शेजारी तशी सरकत आले होते. त्यामुळे दुसऱ्या मुक्कामावर एक पडका दरवाजा लागायचा, त्यातून दोन सांगाडे यायचे, ते मारून झाल्यावर माझा हात सवयीनेच दांडा मागे घेई. एकदा असं मागे सरता सरता दरवाजा पडद्याच्या कडेला जाऊन दिसेनासा झाला, आणि पुन्हा पुढे आले तर दोन सांगाडे तिथे नव्याने उभे! मारा, नाणी उचला, मागे सरा. पुन्हा पुढे या, पुन्हा ते हजर. काही दिवसांनी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. उडी मारून खाली येता येता वार बसला तर एका नाण्याच्या जागी आख्खी थैली पडते. दिव्याकडे एक डोळा ठेवायचा, तेल तळाला लागायला आलं की निघायचं. पोरं तीन मुक्काम धावून जेवढी नाणी जमवत, तेवढी मी त्या एका दरवाज्यापाशी मिळवत असे. पुढे ढाल, जोडे, औषध सगळं घेऊन शिंगवाल्याला मी चालत चालत मारायची.

माझा नातू आता मोबाईलवर असंच काहीतरी खेळतो. त्याला नाणी कमी पडली की तो बापाचा फोन घेऊन पैसे भरतो आणि नाणी विकत घेतो, आणि मग घरात महाभारत होतं. एकदा मी त्याच्या खांद्यावरून पाहत म्हटलं, अरे, जरा मागे येऊन पाह्य. तो म्हणाला, आजी, मागे काही नसतं. हल्लीच्या खेळात नसेलही.

एका दुपारी मामाला जाग आली आणि त्याने मला पाहिलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तो माझ्या मागे उभा राहून शिंगवाला पडेपर्यंत पाहत राहिला आणि म्हणाला, "पमे, तू तं कमाल करून राहिली वो!" दुसऱ्या दिवसापासून त्याने नवीनच पद्धत काढली. पोरांनी रुपया टाकायचा, वर चार आणे द्यायचे, आणि ताईने त्यांना नाणी जमवून, ढाल घेऊन द्यायची, पुढे त्यांनी खेळायचं. "ताई, मले चिल्लर काढून दे ना," असं म्हणत मिसरूड फुटलेली पोरं रांग लावत. मामी कपाळावर हात मारून घ्यायची, पण चार आणे तीच डब्यात टाकायची. त्या घरात मला कुणी काही वाईट बोललं नाही. मीच काय ती पोरांमध्ये उभी असलेली पोरगी, हे माझ्या मनातही येत नसे. गल्लीतली लहान मुलं मला पाहून "राक्षसवाली ताई" म्हणत आणि मला ते आवडायचं. हे लिहिताना सुद्धा कान गरम झाले, पण आवडायचं.

त्याच दिवाळीत शहापूरचं स्थळ आलं. हमरस्त्यावरचं मोठं गाव, घरी धानाची बांधी, मुलगा मास्तर. मामाच्या ओळखीतूनच बोलणं निघालं होतं. मला नवऱ्यामुलाचं काही पडलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. त्याचा फोटोही मी धड पाहिला नाही. मला हवी होती ती दुसरीच गोष्ट. मुलाच्या वडिलांनी, सदाशिव पाटलांनी, मामाला सांगितलं होतं की पोरगी शिकत असेल तर शिकू द्या, आमच्याकडून भंडाऱ्याचं कॉलेज बसने जवळ आहे, बी.ए. होईल आरामात. आमच्या भावकीत तोवर बी.ए. झालेली मुलगी नव्हती. लग्न तर कुठेतरी होणारच होतं. कॉलेज फक्त शहापूरच्या स्थळात होतं. त्या घरी मला पसंत करावं म्हणून मी दिवाळीत घरी आल्यापासून देवाला रोज दिवा लावत होते, आणि माय समजत होती की पोरीला आता वळण लागलं.

पाहणं मंडईच्या दिवशी ठरलं. आमच्या भागात भाऊबीज झाली की गावोगावी मंडया भरतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दुपारी दंडार, म्हणजे आमच्याकडचा नाचगाण्याचा खेळ, मग दुकानं, जिलेबी, शिंगाडे, आणि घराघरात पाहुणे. लग्नाच्या गाठीही बहुतेक तेव्हाच पडतात, कारण सगळे सोयरे आयते जमलेले असतात. आमच्या घरी पहाटेपासून चूल पेटलेली होती. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, आदल्या दिवशीच येऊन घराचा ताबा घेऊन बसली होती. तिने लाखोळीच्या डाळीचे वडे थापायला घेतले, माय मटणाचा मसाला वाटत होती, आणि दोघी मिळून माझ्या केसांना तेल जास्त झालं की कमी यावर भांडत होत्या. आत्याने स्वतःचं हिरवं जरीचं पातळ मला नेसवलं. पाहुणे दिवस कलताना येणार होते, पण तिचा कुणावर भरवसा नव्हता. "आतापासूनच नेसून राहा. सवय होईल. नाही तं त्यायच्यापुढे पडशील अना माही बी इज्जत जाईल."

बाबा सकाळीच मैदानावर गेले होते. मंडईच्या पंचांत त्यांचं नाव होतं. माझे बाबा मोठे जमीनदार वगैरे नव्हते, पण त्यांच्या शब्दाला गावात वजन होतं. कुणाच्या बांधावरून भांडण झालं तर लोक त्यांना बोलवत. ते फार बोलत नसत, हसत त्याहून कमी. दंडारीपुढे पहिल्या रांगेत सतरंजीवर बसायचं आणि नाचणाऱ्याला मनापासून दाद द्यायची, एवढीच त्यांची वर्षाची चैन होती.

दुपारी मामा दारात आला तो घामाने निथळत. तो पेटी घेऊन मंडईत येणार आहे हे आम्हाला ठाऊक होतं. बैलगाडीत गाद्या घालून त्याने ती आणली होती, दंडारवाल्यांच्या जनरेटरवरून वायर ओढली होती आणि त्यांच्या मंडपाला लागूनच आपला तंबू ठोकला होता.

"बाई, धंदा बसला," तो मायला म्हणाला. "पोट्टे येते, रुपया टाकते, अना घडीभरात मरते. मंग बोंबलत जाते का मशीन खोटी हाये म्हनून. आता कोनी येऊनच नाही राहिलं. पमीले धाड थोडा वेळ. एक डाव खेळून दाखवन, लोकायले समजन का जमते म्हनून. लगेच आनून देतो."

"आज?" माय म्हणाली. "आज पाह्यले येऊन राहिले ना तिले!"

"दिवस कलल्यावर येनार हायेत थे. आता कुटी?"

माय माझ्याकडे पाहत उभी राहिली. दोनच दिवसांपूर्वी तिने या भावाला ओवाळलं होतं. ओवाळणीच्या ताटात त्याने साडी घातली होती, आणि हा भाऊबीजेचा आठवडा संपायच्या आत तो तिच्या दारात काहीतरी मागायला आला होता. आमच्याकडे त्या दिवसांत भावाला नाही म्हणत नाहीत. माय हळूच म्हणाली, "आत्याले नोको सांगू. मागच्या दारानं जाय."

मी गेले. जबरदस्तीने गेले असं म्हणायची सोय नाही, मी उड्या मारत गेले. गावातल्या कुणी मला तो खेळ खेळताना अजून पाहिलं नव्हतं.

तंबूत शिरले तेव्हा चारसहा पोरं होती. मी पदर कमरेला खोचला आणि दांडा हातात घेतला. दुसऱ्या मुक्कामावर पोचले, दरवाज्यापाशी थांबले, आणि नाणी पडायला लागली. थैलीवर थैली. पोरं ओरडायला लागली, तो आवाज ऐकून मोठी माणसं आत आली, मग मामाने तंबूची समोरची कनातच वर गुंडाळून टाकली. आता दंडारीसमोर बसलेल्या लोकांनाही पेटी दिसू लागली. हिरवं पातळ नेसलेली पोरगी, तिच्यापुढे उजेडाची पेटी, आणि त्यात सोनं बरसतंय. आमची माणसं दंडार पाहायला आलेली. त्यांनी याला दंडारीसारखंच घेतलं. वार नेमका बसला की टाळी, थैली पडली की शिट्टी. माझ्या अगदी मागून एक भारदस्त आवाज प्रत्येक वाराला म्हणत होता, "अस्सा! अस्सा मार त्याले!" त्या आवाजात इतका आनंद होता की मी त्याच्यासाठी खेळायला लागले. शिंगवाला राक्षस पडला तेव्हा तंबूत एकच गिल्ला झाला.

मंडईत एखाद्याचं नाचणं, गाणं आवडलं की आमचे लोक नोट काढतात, त्याच्यावरून ओवाळतात आणि माईकवाल्याकडे देतात. माईकवाला देणाऱ्याचं नाव, गाव आणि कुणाला दिलं ते भोंग्यावर पुकारतो. हा तिथला मान आहे. देणाऱ्याचाही आणि घेणाऱ्याचाही. फक्त घेणारा हा नाचणारा, गाणारा असतो, दंडारीतला बाईचं सोंग घेतलेला नाच्या असतो. कुणाच्या घरची लेक नसते.

मागच्या त्या आवाजाने नोट ओवाळली. मला फक्त डोक्यावरून फिरलेला एक हात दिसला. माईकवाला शेजारच्या मंडपातून आलाच होता, त्याने त्यांना नाव-गाव विचारलं, आणि मग पोरांना विचारलं, "कोनाची होय थे?" पोरं म्हणाली, "दौलतभाऊची पमी." दंडारीचा ढोल थांबला, आणि मैदानावर बांधलेल्या सगळ्या भोंग्यांतून एकदम आवाज आला.

"शहापूरचे सदाशिव पाटील यांनी खुशीत येऊन, आपल्या गावचे दौलतराव यांची कन्या पमी हिला, राक्षस मारल्याबद्दल दोन रुपये बक्षीस दिलेले आहे. आम्ही त्यांचे आभारी आहोत."

मी दांडा सोडला. मागे वळले तर पांढरं धोतर, काळा कोट, एक उंच म्हातारा माणूस, हात अजून वरच, आणि चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत चाललेलं. दंडारीची आवड म्हणून ते लवकर आले होते. दौलतराव हे नाव ऐकल्यावर त्यांना कळलं की बक्षीस कुणाला दिलं. मला त्यांचं नाव ऐकून कळलं. आणि पलीकडे सतरंजीवर पहिल्या रांगेत बसलेल्या बाबांना दोन्ही नावं एकाच दमात ऐकू आली. नाच्या पावडर ओघळलेल्या तोंडाने मंडपाच्या मध्ये उभा होता. तो दुपारपासून नाचत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बरोबरीच्या माणसाकडे पाहून हसावं तसा हसला.

मी कशी घरी आले मला आठवत नाही. पातळाचा काठ चिखलाने भरला होता एवढं आठवतं. आत्याला भोंग्याने आधीच सगळं सांगितलं होतं. "नाच्याले देते तसं देलं गा पोरीले!" ती कुणाला उद्देशून नव्हे, अंगणालाच सांगत होती. "लुगडं माहं, नाव भावाचं, अना नाच मामाचा! आता कोन करते हिले?" माय चुलीपाशी बसून रडत रडत वडे तळत होती. मामा आलाच नाही, त्याची हिंमत झाली नसणार. थोड्या वेळाने बाबा आले. विहिरीवर गेले, पायांवर पाणी घेतलं, ओसरीत बसले. मला वाटलं होतं ते ओरडतील, मारतील. मी मनातून तेच मागत होते. त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. मायला एवढंच विचारलं, "सैंपाक झाला?"

"झाला."

"आले तं वाढजा. उपाशी नोको जाऊ देऊ."

त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोसलं असतं. आजाऱ्यासारखा आवाज होता. माझ्यामुळे माझ्या बापाचा आवाज तसा झाला, याची मला जी लाज वाटली ती तंबूतल्या लाजेहून कितीतरी मोठी होती.

पाहुणे येणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं होतं. पण दिवस कलताना सदाशिव पाटील आले, सोबत त्यांचे मेहुणे. बाबांनी पायावर पाणी दिलं. रीतीप्रमाणे मला पानसुपारीचं तबक घेऊन बाहेर बसवलं. मी तबकातल्या लवंगांकडे पाहत होते. एरवी अशा वेळी विचारतात, नाव काय, किती शिकली, रोवता येतं का. कुणी काही विचारेना. बाहेर दंडारीचा ढोल पुन्हा सुरू झाला होता तो तेवढा ऐकू येत होता. मग पाटलांनी घसा साफ केला.

"दौलतराव, पोरगी पाहून झाली. पाह्यल्यावर पोरीच्या हातावर पैसे ठेवाची रीत हाये, थे बी मी मंडईतच ठेवले म्हना. मले आता काही इचाराचं नाही. पोरगी पसंत हाये. पुढचं तुमी बोला."

त्या माणसाने केवढी मोठी वाट काढून दिली होती! भोंग्यावर जे बोललं गेलं ते पुसता येत नव्हतं, तर त्यालाच त्याने पाहण्याच्या रीतीत बसवलं होतं. उद्या गावात कुणी दात काढले तर बाबांना म्हणता आलं असतं, सासऱ्याने सुनेच्या हातावर पैसे ठेवले, तुझं काय गेलं? मी पहिल्यांदा मान वर केली. कॉलेज माझ्यापुढे दोन हातांवर आलं होतं.

बाबांनी बंडीच्या खिशातून दोनची नोट काढली. मी पळून गेल्यावर माईकवाल्याने ती त्यांच्याच हातात दिली होती, भर पंचांत. त्यांनी ती माझ्या तबकात ठेवली आणि तबक पाटलांकडे सरकवलं.

"हे तुमचे घ्या, पाटील. माह्या पोरीनं नाच नाही केला."

"कोन म्हनते केला म्हनून?"

"अख्ख्या मंडईनं आयकलं."

"आयकलं तं आयकलं," पाटील म्हणाले. "देनारा मी. मले लाज नाही, तं तुमाले कायची?"

"तुमाले नाही," बाबा म्हणाले. "मले हाये."

पाटलांनी नोट उचलली, सावकाश चौघडी केली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मग सगळे जेवले. वाढलेलं पान सोडून उठणं त्यांच्याही घरी नव्हतं आणि आमच्याही. वडे फार छान झाले आहेत असं त्यांचे मेहुणे म्हणाले.

बारावी झाली, आणि पुढच्या वर्षी नाकाडोंगरीकडे माझं लग्न झालं. नवरा चांगला मिळाला, खाणीत कामाला होता, मला कधी वावगं बोलला नाही. बी.ए. राहिलं. मामाने ती पेटी विकली आणि शेवयांचं यंत्र घेतलं. बाबा त्यानंतर पंचांत बसले नाहीत, दंडार पाहायलाही गेले नाहीत. मंडईच्या दिवशी ते शेतावर जात आणि अंधार पडल्यावर येत. मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मी माहेरी गेले की त्यांच्या समोरून जाताना पाय न वाजवता जात असे. पोटच्या लेकीने बापापुढून असं जावं याचीही मला लाज वाटायची. एवढं सगळं झालं, पण मला जास्त छळतं ते त्याच संध्याकाळचं आहे, आणि ते कुणाला दिसलंही नाही.

जेवणं झाल्यावर बाबा नि ते मेहुणे आत हात धुवायला गेले होते. पाटील आधीच बाहेर आले आणि ओसरीच्या पायरीवर बसून जोडे घालायला लागले. मायने मला सुपारी घेऊन पाठवलं. मी वाटी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी सुपारी घेतली, पण हात तोंडाकडे गेला नाही. आत एकदा वळून पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाले,

"बाई, एक सांगशील? बाकीचे पोट्टे घडीभरात मरून राहिले होते. तुह्याच पुढं एवढं सोनं कसं पडून राहिलं होतं? मी मागं उभा राहून सारा वेळ पाह्यलं, पन मले काही उमजलं नाही."

चेष्टा नव्हती. पंचावन्न-साठ वर्षांचा तो माणूस एखाद्या शाळकरी पोरासारखा माझ्या तोंडाकडे पाहत होता. भंडाऱ्याची पोरं नुसती चिल्लर काढून दे म्हणायची. मामा कमाल म्हणायचा. ते कसं करतेस, असं मला त्यांच्याआधी कुणी विचारलं नव्हतं आणि नंतरही नाही. चार वाक्यांत सांगून झालं असतं.

मी जमिनीकडे पाहत राहिले. ते थांबले. एका जोड्याचा बंद बांधून झाला, दुसऱ्याचा बांधून झाला, तरी थांबले. मग "बरं, राहू दे," असं म्हणून उठले, आणि मेहुणे बाहेर आल्यावर दोघं निघून गेले.

ओसरीवर तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी सांगितलं असतं तर ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं.